दिवसा झोपणाऱ्यांचं रक्त

शैलजा देवस्थळींना कुणी विचारलं की तुम्ही नेमकं काय काम करता, तर त्या अलीकडे "सह्या" एवढंच सांगून मोकळ्या होत. सुरुवातीला तो विनोद होता. पुढे त्यातला विनोद उडून गेला आणि नुसती माहिती उरली.

सुरतेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात उष्ण प्रदेशातल्या रोगांवर संशोधन करणारा एक छोटा विभाग होता, त्याच्या त्या प्रमुख. विभागाचं नाव पाटीवर दोन ओळी भरेल एवढं भारदस्त होतं, पण शिपायांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्याला 'मच्छर डिपार्टमेंट' म्हणत. तीन खोल्या, डास पाळायची एक जाळीबंद खोली आणि दर उन्हाळ्यात न चुकता बंद पडणारा एक डीप फ्रीझर, एवढा संसार. फ्रीझर बंद पडला की शैलजाबाई वर्ग सोडून मेकॅनिकच्या मागे लागत. मेकॅनिक यायचा, मागची जाळी झटकायचा आणि दरवेळी तेच म्हणायचा, "बेन, हवे नवुं लई लो." नवा घ्यायचा तर तीन कोटेशनं, समितीची बैठक, त्या बैठकीचं इतिवृत्त, त्यावर सह्या. त्यापेक्षा मेकॅनिक बरा, असं म्हणून त्या वर्ष काढत.

मूळच्या त्या मिरजेच्या. नवऱ्याची, जयंतची, बँकेतून सुरतेला बदली झाली तेव्हा तीन वर्षांसाठी म्हणून आल्या. सूक्ष्मजीवशास्त्रातली पदवी हातात होती, घरात बसवेना, म्हणून महाविद्यालयात नोकरी धरली. तिथे पहिल्याच वर्षी कडोदऱ्याहून आलेली एक बाई त्यांनी पाहिली. बाईने उजव्या पायावर साडी अशी ओढून घेतली होती की चालताना ती दोनदा अडखळली. डॉक्टरांनी साडी बाजूला करायला सांगितली तर ती रडायला लागली. पाय खांबासारखा सुजलेला होता. शैलजाबाईंनी पुस्तकात हत्तीरोगाची चित्रं पाहिली होती, पण चित्रातला पाय लाजत नाही. त्या दिवसापासून त्या हत्तीरोगाच्या मागे लागल्या आणि तीन वर्षांची तीस कधी झाली, हे जयंतलाही कळलं नाही.

आता निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. गुडघे दुखत होते. सकाळी गाडी लावून पायऱ्या चढताना त्यांना रोज वाटे, की आज वर कुणी वाट बघत नसेल तर किती बरं होईल. पण कुणी ना कुणी असेच. कुणाचं रजेचं, कुणाचं शिष्यवृत्तीचं, कुणाचं नुसतंच भांडण.

त्या वर्षी मात्र त्या थकव्यावर एक उतारा होता. डिंडोलीचा अहवाल.

हत्तीरोगाचे जंत माणसाच्या अंगात राहतात आणि त्यांची बारीक पिल्लं रक्तात फिरतात. डास चावला की ती डासात जातात, डासातून दुसऱ्या माणसात. हे थांबवायला वस्तीतल्या सगळ्यांना, आजारी असोत नसोत, वर्षातून एकदा गोळ्या द्याव्या लागतात. शंभरात एकापेक्षाही कमी माणसांच्या रक्तात पिल्लं सापडली, की मग गोळ्या बंद करायचा विचार करता येतो. डिंडोलीत ती वेळ आली आहे, असं शैलजाबाईंच्या विभागाच्या तपासणीत निघालं होतं. अहवाल आरोग्य खात्याकडे गेला होता. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत डिंडोलीचं गोळ्यावाटप थांबल्याचं जाहीर व्हायचं होतं.

आणि त्या अहवालात विभागाचा जीवही अडकला होता. महाविद्यालयाचे अधिष्ठाता डॉ. भूपेंद्र देसाई दोन वर्षांपासून म्हणत होते, की एवढासा विभाग वेगळा ठेवणं परवडत नाही, तो सूक्ष्मजीवशास्त्रात विलीन करावा. अहवाल आल्यावर त्यांचा सूर बदलला. "शैलजाबेन," ते म्हणाले, "डिंडोलीचं जाहीर होऊ द्या. मग तुमच्या डिपार्टमेंटला हात लावायची कुणाची हिंमत नाही. माझीसुद्धा नाही."

या तपासणीत शैलजाबाईंची स्वतःची अशी एक कल्पना होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

हत्तीरोगाची पिल्लं दिवसा फुप्फुसात दडून बसतात आणि रात्री, माणूस झोपला की, वरच्या रक्तात येतात. कारण डास रात्री चावतो. म्हणून या रोगासाठी रक्त रात्रीच घ्यायचं, हा जगभरचा नियम. पण डिंडोलीत रात्री घरोघरी जावं तर निम्मे पुरुष घरात नसत. ते खानदेशातून आलेले कारागीर, कडोदऱ्याच्या आणि उधन्याच्या यंत्रमागांवर रातपाळीला गेलेले. आधीच्या सगळ्या तपासण्यांत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहून पथकं पुढे जात. शैलजाबाईंनी ते चालू दिलं नाही. "माणूस घरी नसेल तर आपण त्याच्या कामावर जाऊ," असं म्हणून त्यांनी शेठ लोकांच्या पायऱ्या झिजवल्या. मागांच्या खडखडाटात, कापसाच्या उडत्या तंतूंत, त्यांच्या पथकाने उभ्या उभ्या कारागिरांच्या बोटाला सुई टोचली. एकही माणूस सुटला नाही. दोन परिषदांत या पद्धतीचं कौतुक झालं. एका दिल्लीच्या गृहस्थांनी तर व्यासपीठावरून त्यांचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या होत्या.

हे सगळं असं जुळून आलेलं असताना, एका दुपारी शैलजाबाई सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या.

त्यांचं हे बसणं चोरून केल्यासारखं असे. दार लोटायचं, फोन उलटा ठेवायचा आणि विद्यार्थ्यांना शिकवायच्या काचपट्ट्या निवडायच्या निमित्ताने थोडा वेळ डोळा लावायचा. दिवसातला तेवढाच भाग त्यांना नोकरीसारखा वाटत नसे. त्या दिवशी योगिताने हिवतापाच्या सरावासाठी काही काचपट्ट्या आणून ठेवल्या होत्या. योगिता पाटील विभागात सहायक प्राध्यापक होती. डिंडोलीचीच, यंत्रमाग कारागिराची मुलगी. तिच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली आणि महाविद्यालयात शिकवणारी तर गल्लीत पहिली.

तिसऱ्या की चौथ्या काचपट्टीवर शैलजाबाईंचा हात थांबला. त्यांनी भिंग बदललं. पुन्हा पाहिलं.

"योगिता!"

योगिता चहाचा कप घेऊनच आत आली.

"ही कुणाची?"

"ती पप्पांची मॅडम. ताप होता ना त्यांना मागच्या आठवड्यात. मलेरियावाला आला होता, त्याने घेतली, तेव्हाच मी पण एक थेंब घेऊन ठेवला. मलेरिया नाही निघाला, पण म्हटलं पोरांना नॉर्मल दाखवायला होईल."

"नॉर्मल?" शैलजाबाई बाजूला सरकल्या. "बस. बघ."

योगिताने पाहिलं. रक्तात एक लांबट, वळणदार, जांभळी रेघ होती. तिच्या भोवती पातळ आवरण. बाजूला आणखी एक. ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही.

"मॅडम, पण पप्पांची तर कारखान्यात टेस्ट झाली होती. मीच टोचली होती सुई. सगळे हसत होते, पोरगी बापाला टोचते म्हणून. निगेटिव्ह होती ती."

"हे रक्त किती वाजता घेतलंस?"

"दुपारी. रातपाळी करून झोपले होते, झोपेतच बोट धरलं मी."

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर मागेपुढे करत होतं, तिकडे शैलजाबाई बघत राहिल्या.

ही पिल्लं घड्याळ बघून वर येत नाहीत. ती माणसाची झोप बघून येतात. माणूस रोज दिवसा झोपायला लागला, तर आठवडाभरात पिल्लंही दिवस-रात्र उलटी करून घेतात. रात्री दडतात, दिवसा वर येतात. हे काही गुपित नव्हतं. दर वर्षी दुसऱ्या सत्रात शैलजाबाई स्वतः हे शिकवत. तोंडी परीक्षेत हुशार विद्यार्थ्याला अडकवायचं असेल तर हाच प्रश्न विचारत. आणि त्याच शैलजाबाईंनी रात्रभर जागणाऱ्या माणसांचं रक्त रात्री, ते जागे असताना, मागापाशी उभे असताना घेतलं होतं. पिल्लं तेव्हा फुप्फुसात बसलेली.

"पाळी पंधरवड्याने बदलते ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या नमुन्यांत तरी सापडायला हवं होतं. अंग तोवर उलटलेलं नसतं."

योगिताने मान हलवली. "शेठ लोक पहिल्या दिवसांत येऊच द्यायचे नाहीत मॅडम. आठवतं ना? पाळी बदलली की कारागीर पेंगतात, माल खराब होतो. म्हणून शेवटच्या दिवसांत या म्हणायचे. हात बसले की या."

"म्हणजे हात बसायची आणि जंत उलटायची वेळ एकच," शैलजाबाई म्हणाल्या. "आणि आपण तेव्हाच जायचो."

पूर्वीची पथकं त्या माणसांना गैरहजर लिहून सोडून देत होती. शैलजाबाईंनी मेहनत करून त्यांना हजर केलं आणि सगळ्यांना निरोगी ठरवून हिशेबात मिसळलं. म्हणूनच आकडा खाली आला होता. आळस केला असता तर ही चूक झाली नसती.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मनात पहिला विचार आला तो असा, की ही काचपट्टी आपण उचललीच नसती तर. त्या विचाराची त्यांना लाजही वाटली नाही, एवढ्या त्या दमलेल्या होत्या.

"एका पट्टीवरून काही ठरत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "उद्या जाऊ. दुपारी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या दोघी डिंडोलीत पोचल्या. गल्लीत ऊन नुसतं सांडलं होतं. वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्या, आणि खोल्यांच्या खिडक्यांना आतून गोणपाट ठोकलेलं, उजेड येऊ नये म्हणून. आत पंख्याखाली रातपाळीचे लोक आडवेतिडवे झोपलेले. शैलजाबाई या गल्लीत कितीदा आल्या होत्या, पण दुपारी कधीच नाही. हत्तीरोगाच्या तज्ज्ञाला दुपारी इथे काही काम नसतं, असंच त्या धरून चालल्या होत्या.

योगिताच्या घरात तिची आई प्रमिलाबाई दारातच आडवी आली. तोंडाने "या, बठा" म्हणाली, पण दार सोडलं नाही.

"आतेच डोळा लागना त्यासना. उठाडू नका."

"आई, उठवायचं नाहीच आहे. झोपेतच पाहिजे," योगिता म्हणाली.

"झोपेत? रातले सुई, आते दिनलेबी सुई! मानूस शे का चाळनी?" मग शैलजाबाईंकडे बघून तिने आवाज खाली आणला. "तसं नही मॅडम, तुमले कोन नही म्हनी? पन गोळ्या बंद व्हनार म्हने ना? पोरगीनीच सांगेल शे. मंग हाई काय नवं?"

"तेच बघायला आलेय," शैलजाबाई म्हणाल्या. "आमचं काही चुकलं का ते."

प्रमिलाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून असं काही ऐकायची तिला सवय नव्हती. ती बाजूला झाली.

आत चिंधा पाटील उताणा झोपला होता. पापण्यांच्या केसांवर कापसाचा बारीक पांढरा कोंडा होता. योगिताने बोट धरलं तसा तो अर्धवट जागा झाला.

"पोरी, आते काय?"

"काही नाही पप्पा, झोपा."

"मले काय व्हयनं?"

"काही नाही हो. झोपा ना."

"बापना रगतवर पोरगी पीएचडी करी राहिनी," तो पुटपुटला आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

त्या दुपारी आणि पुढच्या काही दुपारी त्या दोघी खोल्याखोल्यांतून फिरल्या. शिव्या खाल्ल्या. छगन नावाचा एक कारागीर तर उठून बसला आणि म्हणाला, "मॅडम, सरकारले सांगा, झोपेलले सोडी द्या. जागेल लोकं काय कमी शेत?" सगळी खोली हसली, शैलजाबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी त्याचं बोट पुढे ओढलं. रात्री निरोगी ठरलेल्या या माणसांपैकी कितीतरी जणांच्या दुपारच्या रक्तात पिल्लं होती. ज्यांच्यात सापडली त्यांची औषधं योगिताने लगेच सुरू केली. पण प्रश्न त्यांचा नव्हता. गल्लीत ज्यांच्यापर्यंत डासाने ती नेली असतील आणि नेणार होता, त्यांचा होता.

शैलजाबाई देसाईंच्या केबिनमध्ये गेल्या तेव्हा ते चांगल्या मूडमध्ये होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते स्वतः हाडांचे डॉक्टर, पण डोकं तल्लख.

"जुओ बेन," ते म्हणाले, "एक वात समजावो. डास चावतो रात्री. या लोकांची पिल्लं रात्री आत. मग डासाला मिळणार काय? रोग पसरणारच नाही. तुमचा अहवाल उलट बरोबरच आहे."

"पंधरा दिवसांनी पाळी बदलते, सर. तोच माणूस दिवसपाळीला लागला की रात्री घरी झोपतो. पिल्लं पुन्हा रात्री वर. डासाला पंधरा दिवस सुट्टी, पंधरा दिवस जेवण. शिवाय खिडक्यांना गोणपाट लावलेलं असतं. आत डासाला दिवसाही रात्रच."

देसाईंनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "मग असं करा. अहवाल राहू द्या. हे नवीन संशोधन म्हणून वेगळं छापा. छान पेपर होईल. योगिताचं प्रमोशन होईल. नंतर, सहा-आठ महिन्यांनी, खातं वाचेल आणि काय करायचं ते करेल. आपण काही लपवलं नाही, बराबर?"

हा मार्ग शैलजाबाईंना सुचला नव्हता असं नाही. गाडीत बसून इथे येईपर्यंत तो त्यांच्या बरोबरच आला होता.

"एकदा बंद झालेलं वाटप पुन्हा सुरू करायला किती वर्षं जातील, सर?"

"ते मी कसं सांगू?"

"मी सांगू शकते. मी असेपर्यंत तरी होणार नाही."

"शैलजाबेन." देसाईंचा आवाज खरोखर मऊ झाला. "तुम्ही अहवाल मागे घेतला तर मी तुमचा विभाग वाचवू शकत नाही. मी धमकी देत नाही. मला वर तोंड दाखवावं लागतं. ज्यांनी चूक केली त्यांनाच वेगळा विभाग कशाला, असं विचारतील. माझ्याकडे उत्तर काय?"

"नाहीये," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे."

बाहेर योगिता उभी होती. तिने विचारलं नाही, पण शैलजाबाईंनी सगळं सांगितलं. पेपर, प्रमोशन, सगळं. "तुझंही नुकसान आहे यात. विलीन झालो तर तुझी ज्येष्ठता तिकडच्या लोकांच्या खाली जाईल. म्हणून विचारते."

योगिताने पर्सचा पट्टा दोनदा गुंडाळला, सोडला. "मॅडम, माझी आई तुम्हाला काय म्हणाली परवा, दारात? गोळ्या बंद होणार म्हणून मीच घरी सांगितलं होतं. पेढे वाटले होते मी गल्लीत. आता मी कुठल्या तोंडानं गप्प बसू?" मग रागाने, "पण मला आवडलं नाही हे. सांगून ठेवते. मला प्रमोशन पाहिजे होतं."

"मलाही विभाग पाहिजे होता," शैलजाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी जयंत बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता. ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मागे घेणार."

"अजून ठरवलं नाही."

"शैलू, तू ठरवलं नसतंस तर मला सांगितलं नसतंस. भांडून आली असतीस आणि जेवून झोपली असतीस."

"मी इतकी दमलेय ना जयंत. मला पुन्हा त्या शेठ लोकांकडे जायचं नाही. पुन्हा पथक, पुन्हा परवानग्या. आणि लोक म्हणणार, या बाईला एवढंसं कळलं नाही."

"म्हणतील," जयंत म्हणाला. त्याने धीर वगैरे दिला नाही. तीस वर्षांत तो एवढं शिकला होता. झारी खाली ठेवून तो म्हणाला, "मी खिचडी टाकतो."

सकाळी त्यांनी पत्र लिहिलं. चार ओळींचं. तपासणीच्या पद्धतीत आमची चूक झाली आहे, रातपाळीच्या माणसांचे निकाल ग्राह्य धरू नयेत, अहवाल मागे घेत आहे, डिंडोलीतलं वाटप थांबवू नये. 'आमची' हा शब्द खोडून त्यांनी 'माझी' केला आणि स्वच्छ प्रत काढली. वर्षभरात शेकडो सह्या केल्या असतील, पण ही करताना त्यांनी पेनाचं टोपण लावून, पुन्हा काढून, मग सही केली.

पुढे जे व्हायचं ते झालं. बैठकीत डिंडोलीचा विषय पुढे ढकलला गेला. त्या वर्षीच्या गोळ्या आल्या आणि वाटल्या गेल्या. परिषदेत टाळ्या वाजवणाऱ्या दिल्लीच्या गृहस्थांनी एक लांबलचक ईमेल पाठवला, त्यात 'दुर्दैवी' हा शब्द बऱ्याचदा होता. विभागाची दोन ओळींची पाटी काढली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला. डीप फ्रीझर सूक्ष्मजीवशास्त्राच्या पॅसेजमध्ये गेला. तिथल्या प्रमुखांनी शैलजाबाईंना खिडकीजवळचं टेबल दिलं, अदबीने दिलं, आणि सह्यांचं काम आपल्याकडे घेतलं.

पहिले काही दिवस त्या सवयीने फायलींची वाट बघत. कुणी आलं नाही की अस्वस्थ होत. घरी आल्यावर जयंतला म्हणत, "आज दिवसभर मला कुणी काही विचारलं नाही." हे दुःखाने म्हणत होत्या की सुखाने, ते त्याला कळत नसे, आणि बहुधा त्यांनाही.

खात्याने नव्याने तपासणी करायला सांगितली. दिवसा झोपणाऱ्यांची दिवसा, रात्री झोपणाऱ्यांची रात्री. काम त्यांनीच करावं असं तोंडी कळवलं, कारण दुसरं कुणी घेईना. पद नाही, शिपाई नाही, गाडी स्वतःची. योगिता रागावलेली होती तरी बरोबर होती. महिना-दोन महिने ती फक्त कामापुरतं बोलली. मग एक दिवस डबा उघडताना तिने भरीत त्यांच्या पुढे सरकवलं, आणि ते तेवढ्यावरच मिटलं.

एका दुपारी पाटलांच्या गल्लीतच काम चाललं होतं. रातपाळीचा दुसरा आठवडा चाललेल्या माणसांची झोप लागायची होती, थांबावं लागणार होतं. प्रमिलाबाई बाहेर आली. शैलजाबाई जिन्याच्या पायरीवर कठड्याला डोकं टेकून बसल्या होत्या.

"मॅडम, आठे काय बठनात? घरमा चला. जराशा आडा पडा. ह्या लोकं झोपथीन तवलोंग तुम्हीबी झोपा."

"नको हो, काम आहे."

"काम मनी पोर करी. चला." तिने सरळ दंडाला धरून उठवलं.

चिंधा दिवसपाळीला गेलेला होता. त्याच्या चटईवर प्रमिलाबाईने धुतलेली गोधडी टाकली. गोणपाटाच्या अंधारात पंखा घरघरत होता. शैलजाबाई 'पाचच मिनिटं' म्हणून आडव्या झाल्या. कितीतरी वर्षांत त्या दुपारी झोपल्या नव्हत्या. विभाग, फ्रीझर, पत्र, कशाचाही विचार न येता त्यांना झोप लागली, तोंड उघडं टाकून, गाढ.

कुणीतरी बोट धरल्यासारखं वाटलं तेव्हा त्या जाग्या झाल्या. उशाशी योगिता सुई आणि काचपट्टी घेऊन बसली होती. दारात छगन आणि आणखी तिघे-चौघे उभे, अंगावर बनियन, डोळे झोपेने सुजलेले.

"हे लोक ऐकत नाहीत मॅडम," योगिता म्हणाली. "म्हणतात, आधी झोपलेल्या मॅडमचं घ्या, मग आमचं."

"बरोबर शे का नही?" छगन म्हणाला. "आम्हनी झोप मोडस, तर यांनीबी मोडाले जोयजे."

प्रमिलाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

शैलजाबाईंनी डोळे चोळले. उठून बसावं की नाही याचा क्षणभर विचार केला आणि उठल्या नाहीत. तशाच पडल्या पडल्या त्यांनी डावा हात पुढे केला.

"घे. पण थेंब नीट पसरव, मागच्या वेळी जाड झाला होता."